‘आधी’चं रीडिंग राहून गेलं, आता मनोगतात काय लिहू?

पत्र:

ताई, मी नववीत आहे, राहते कळव्याला, शाळा ठाण्यात. जुलैमध्ये मॅडमनी आमच्या पाच जणांच्या ग्रुपला प्रोजेक्ट दिला, ‘गणेशोत्सवाचा ठाण्यातल्या तलावांवर होणारा परिणाम’. गणपतीच्या आधी आणि नंतर पाच तलावांच्या पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते, बघायचा होता. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, खूप छान चर्चा झाली, पण दर वेळी सगळे म्हणायचे पुढच्या रविवारी जाऊ आणि आधीचं रीडिंग राहूनच गेलं. दोघं गावाला गेले. नंतरची रीडिंग मी आणि एका मैत्रिणीने घेतली, मासुंदा आणि कचराळीला संध्याकाळी क्लासवरून येताना, खारेगावला सकाळी, उपवन आणि रायलादेवीला एका दुपारी. रिपोर्ट मी एकटीने दोन रात्री बसून लिहिला. ‘आधी’च्या रकान्यात एक जण म्हणाला ७.२ टाक, साधारण तेवढाच असतो, मी टाकला. सबमिट पण झाला. आता मॅडमनी प्रत्येकाला एक पान मनोगत लिहायला सांगितलंय, कामाचं नियोजन कसं केलं, काय जमलं, काय नाही. बाकीचे म्हणतात ‘आम्ही सर्वांनी एकजुटीने काम केले’ असंच लिहायचं, पाचही जणांचं सारखं आलं पाहिजे. मला त्यांचा राग येतोय आणि भीतीपण वाटतेय. काय लिहू?

उत्तर:

अगं, तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि मला काय वाटलं सांगू का, तू तुझं निम्मं मनोगत या पत्रातच लिहून टाकलंयस. ‘दर वेळी सगळे म्हणायचे पुढच्या रविवारी जाऊ’ हे जे वाक्य आहे ना, ते तसंच्या तसं उचल आणि कागदावर ठेव, कारण तुझ्या मॅडमनी जो प्रश्न विचारलाय त्याचं खरं उत्तर तेच आहे. मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, ‘एकजुटीने काम केले’ या वाक्याची मनोगतं शेकड्यांनी वाचली, आणि त्यातलं एकही आज मला आठवत नाही.

पण मनोगताच्या आधी ७.२ चं बघू, कारण तुझी भीती तिथे आहे, रागात नाही.

तो आकडा काढायला लागणार. का ते नीट ऐक, नुसतं ‘खोटं बोलू नये’ एवढंच नाहीये हे. पहिली गोष्ट, तुमच्याकडे पीएच पेपरची साधी डबी असणार, त्यावर १ ते १४ रंगांचे चौकोन असतात, पट्टी ओली करायची आणि रंग जुळवायचा. त्या पट्टीवर ७ दिसतो, ८ दिसतो, फार तर दोघांच्या मधला वाटतो, पण ७.२ त्यावर वाचताच येत नाही. त्याला मीटर लागतो. मॅडमच्या लक्षात आलं नसेल तर येईल, आणि समजा नाही आलं तरी पाचही तलावांचा ‘आधी’चा आकडा अगदी सारखा कसा हे कोणीही विचारेल. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही तो आकडा टाकलात तेव्हा नकळत उत्तरही ठरवून टाकलंत, की आधी पाणी चांगलं होतं आणि नंतर बिघडलं. आणि तसं झालंच असेल असं नाही ना! ठाण्यात महापालिका विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करते, बऱ्याच मूर्ती तिकडे जातात, त्यामुळे मूळ तलावात फारसा फरक पडला नाही असंही निघालं असतं. ते किती भारी निघालं असतं विचार कर, नववीतल्या पाच मुलांनी दाखवलं असतं की या उपायाचा उपयोग होतोय. किंवा होत नाहीये. दोन्हीपैकी जे असेल ते, पण ते तुमचं असतं. ७.२ ने ते पुसून टाकलं.

शिवाय नुसता पीएच धरून बसायला नको होतं असं माझं मत आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसचं मूर्ती घडवतानाच जिप्सम झालेलं असतं, ते तलावात थोडं थोडं विरघळतं आणि जिप्समने पीएच फारसा हलत नाही, त्याने वाढते ती दुष्फेनता, म्हणजे साबणाला फेस न येणं. निर्माल्य कुजलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो. गाळ आणि रंगाने पाणी गढूळ होतं. म्हणजे फेसाची चाचणी आणि पाणी किती खोल दिसतं हे मोजणं, या दोन फुकटात होणाऱ्या गोष्टी पीएचपेक्षा जास्त बोलल्या असत्या. हे तुझ्या एकटीच्या डोक्यावर नाही, विषय देणाऱ्यानेही जरा सांगायला हवं होतं.

आता नियोजन. ग्रुपवर चर्चा छान झाली म्हणतेस, मला खात्री आहे झाली असणार, चार्ट पेपर कुठल्या रंगाचा, कव्हरवर फोटो कुठला, नाव कोणाचं पहिलं, हे सगळं ठरलं असणार. आमच्या शाळेतही हेच व्हायचं आणि त्यात शिक्षक म्हणून माझीही चूक होती, मी कितीतरी वर्षं सजावटीला मार्क दिले, बाइंडिंग सुंदर असेल तर दोन मार्क जास्त, मग मुलं सजावटीपासूनच सुरुवात करणार ना. पण कव्हर आदल्या रात्री पण करता येतं. प्रस्तावना आदल्या रात्री लिहिता येते, तू लिहिलीसच. एकच काम असं होतं जे नंतर कधीच करता आलं नसतं, आणि ते म्हणजे गणपतीच्या आधीचं पाणी. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २८ ला दीड दिवसाचे गेले. त्यानंतर ‘आधी’ संपलं, ते परत आणायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं. घरात लग्न असलं की आई काय करते आठव, मुहूर्त ठरलेला असतो, तो हलत नाही, मग तिथून उलटं मोजत येतात, हॉल कधी, पत्रिका कधी छापून आल्या पाहिजेत, ब्लाउज शिवायला कधी टाकायचे. कोणी पत्रिकेचा रंग ठरवत बसून हॉल बुक करायचा राहिला असं होत नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये हॉल राहिला आणि पत्रिका सुंदर छापल्या गेल्या.

मी काल कॅलेंडर घेऊन बसले होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात विषय मिळाला असं धरलं तर २७ ऑगस्टच्या आधी आठ रविवार येतात. ऐकायला खूप वाटतात. पण ६ जुलैला आषाढी होती, १७ ऑगस्ट दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशीचा, आणि ठाण्यात दहीहंडी म्हणजे काय असतं ते मी तुला सांगायला नको, शिवाय त्या आठवड्यात पाऊसही धो धो होता. २४ ला घराघरात साफसफाई आणि मखराची गडबड. मध्ये एक घटक चाचणी असेल, क्लासची टेस्ट असेल. म्हणजे हातात खरे रविवार तीन, फार तर चार. हे जर जुलैतच कोणी कागदावर मांडलं असतं तर ‘पुढच्या रविवारी’ हा शब्द कोणाच्या तोंडातून निघाला नसता. हे मोजायला दहा मिनिटं लागतात आणि माझ्या मते प्रोजेक्टच्या नियोजनातली सगळ्यात मोलाची दहा मिनिटं हीच.

आणि तुम्ही आळशी आहात म्हणून हे झालं असं मला अजिबात वाटत नाही, तूही तसं लिहू नकोस. हे सगळ्यांचं होतं. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच या चुकीला नाव दिलं होतं, आपल्या भाषेत म्हणायचं तर नियोजनाचा भ्रम. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कॅनडात कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. मुलांनी सरासरी ३४ दिवस सांगितले. मग विचारलं सगळंच बिघडलं तर किती, तर म्हणाली ४८-४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर! म्हणजे ‘सगळंच बिघडलं तर’ हा अंदाजसुद्धा कमी पडला, आणि ही चांगली शिकलेली मोठी मुलं होती, तुझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. कारण काय तर आपण पुढच्या कामाचं एक सरळ चित्र डोळ्यासमोर आणतो, रविवारी सकाळी निघू, पाच तलाव करू, जेवायला घरी, आणि मागच्या वेळी काय झालं होतं त्याकडे बघतच नाही. तुमचा आठवीतला प्रोजेक्ट किती दिवसांत झाला होता? तोही आदल्या रात्री संपला असेल तर या वेळचा अंदाज तिथूनच धरायला हवा होता. मनोगतात ही एक ओळ टाक, खरंच टाक.

आता राग. दोघं गावाला गेले त्याचा तुला राग आहे, लिहिलं नसलंस तरी कळतंय. पण बघ, कोकणात गणपतीला जाणारी माणसं तिकीट दोन महिने आधी, बुकिंग उघडतं त्या सकाळी आठ वाजता काढतात. म्हणजे जुलैत ग्रुप झाला तेव्हा त्या दोघांच्या घरी तारीख ठाऊक होती. ती ग्रुपवर कोणी विचारली का? तू विचारलीस का? मी तुला दोष देत नाहीये, पण पाच जणांचं काम म्हटलं की सगळ्यात आधी पाच जणांचं कॅलेंडर एका कागदावर यायला लागतं, कोण कधी नाही, कोणाचा क्लास रात्री नऊपर्यंत, कोणाला घरून लांब जायला परवानगी नाही. मग गावाला जाणाऱ्या दोघांना आधीचं रीडिंग द्यायचं आणि इथे राहणाऱ्यांना नंतरचं. इतकं सोपं होतं आणि तरी राहिलं, कारण काम ‘सगळ्यांचं’ होतं. बारभाईंची शेती, काय लागेल हाती, आपल्याकडे उगाच नाही म्हणत. प्रत्येक कामापुढे एकच नाव हवं. दोन नावं लिहिली की दोघंही समोरच्यावर सोडतात, हे मी शाळेत इतक्यांदा पाहिलंय.

तुझा स्वतःचा भागही यात आहे आणि तो लिहायचं धाडस कर. दोन रात्री एकटीने लिहिलंस, ते कौतुकाचं आहे, पण त्या दोन रात्रींत ग्रुपवर ‘मला जमत नाहीये, प्रत्येकाने दोन दोन पानं लिहा’ असा एक मेसेज टाकलास का? तुझ्या पत्रावरून तर वाटतं नाही टाकलास. बऱ्याच हुशार मुली हे करतात, दुसऱ्याचं काम गुपचूप अंगावर घेतात आणि मग मनात धुमसत राहतात. माझी मुलगी अशीच होती, अजून थोडी आहे, त्यामुळे मला हे फार जवळचं वाटतं.

तलाव पाच घेतले हीसुद्धा मला चूकच वाटते. विषयात ‘ठाण्यातले तलाव’ होतं म्हणून पाच घ्यायलाच हवेत असं नाही. तुम्ही मासुंदाचं पाणी संध्याकाळी घेतलं, खारेगावचं सकाळी, उपवनचं दुपारी. जिथे हिरवं शेवाळ खूप असतं तिथे दिवसभर उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरत राहतं आणि दुपारनंतर पीएच वर चढतो, रात्री परत खाली येतो. म्हणजे तुमच्या तक्त्यात जो फरक दिसतोय तो तलावांमधला आहे की घड्याळातला, हे आता कोणीच सांगू शकत नाही. खारेगावचा तलाव तुझ्या कळव्यातला. तो एकच घेतला असता, दर रविवारी सकाळी आठला, एकाच कोपऱ्यातून, ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, तर आठ-नऊ रीडिंगची एक सरळ ओळ मिळाली असती आणि पाऊस कधी पडला तेही शेजारी लिहिता आलं असतं. एक तलाव, नऊ वेळा. पाच तलाव एकदाच, यापेक्षा ते कितीतरी वजनदार झालं असतं.

मला एक ग्रुप आठवतो, खूप वर्षं झाली. नौपाड्यातल्या एका गल्लीतली झाडं मोजायचा प्रोजेक्ट होता, तीन मुलं होती, वही साधी शंभर पानी, कोपरे दुमडलेले. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, ‘पहिल्या रविवारी आम्ही एकच झाड दोनदा मोजलं कारण दोघं दोन टोकांकडून निघालो आणि मध्ये कुठे थांबायचं ते ठरवलं नव्हतं, दुसऱ्या रविवारी झाडावर खडूने खूण केली, पण पाऊस आला आणि खूण गेली, तिसऱ्या रविवारी घराचा नंबर लिहून मोजलं.’ बस एवढंच. मी ते पान स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं होतं. त्यांची झाडांची संख्या किती होती ते मला आठवत नाही, ते तीन रविवार आठवतात.

तर तुझं पान कसं असेल. मी तुझ्यासाठी लिहून देणार नाही, पण सूर सांगते. नावं नकोत, ‘अमक्याने काम केलं नाही’ असं एकही वाक्य नको, काय झालं ते तारखेने लिही. ‘आम्हाला आठ रविवार मिळाले होते, त्यातले किती मोकळे आहेत हे आम्ही मोजलं नाही.’ ‘दोन जण गावाला जाणार होते हे आम्हाला ऑगस्टमध्ये कळलं, जुलैत विचारायला हवं होतं.’ ‘रिपोर्ट मी लिहिला, मदत मागितली नाही.’ ‘गणपतीआधीचं रीडिंग आमच्याकडे नाही, तक्त्यातला आकडा अंदाजे टाकला होता, तो मी मागे घेते.’ असं लिहिताना हात थरथरेल, चालेल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडून जुने मेसेज जुलैपासून वर वर वाचत ये, तारखा तिथेच आहेत, कुठल्या दिवशी काय ठरलं आणि ते का झालं नाही हे सगळं त्यात मिळेल, स्मृतीवर विसंबू नकोस, आपली आठवण नेहमी आपल्या बाजूने झुकते.

पण एक करायचंच. हे चौघांना आधी सांग, मॅडमना नंतर. पाठीमागून गेलीस तर ती चुगली होते आणि वर्गात वर्षभर निस्तरावी लागते. ग्रुपवर नको, समोर बसून सांग, मधल्या सुट्टीत. म्हण की ७.२ मी टाकला, माझ्या हाताने टाकला, मी उद्या मॅडमना सांगणार आहे, तुम्ही आलात तर बरं वाटेल. ज्याने सुचवलं त्याचं नाव तू घेऊ नकोस, त्याला यायचं असेल तर तो येईल. एखादा चिडेल, मार्क जातील म्हणेल, आणि जातीलही कदाचित दोन-तीन, ते मी नाकारत नाही. पाच जणांचं मनोगत एकसारखं असायला हवं हे मात्र अजिबात ऐकू नकोस, मनोगत म्हणजे ज्याच्या त्याच्या मनातलं, एकसारखी पाच पानं बघितली की शिक्षकाला पहिल्या मिनिटात कळतं.

मॅडमकडे गेल्यावर लांबण लावू नकोस. ‘मॅडम, आमच्या तक्त्यातला आधीचा रकाना खरा नाहीये, रीडिंग घेतलंच नव्हतं, तो रकाना कोरा करून रिपोर्ट परत देऊ का?’ एवढंच. मग त्यांनी रागावलं तर ऐकून घे. बहुतेक रिपोर्टच्या शेवटी ‘मर्यादा’ असं एक छोटं प्रकरण जोडायला सांगतील, नाही सांगितलं तर तूच विचार, आणि त्यात ती सकाळ-संध्याकाळची गोष्टही लिही.

आणि काम वाचवता येतं अजून, पूर्ण नाही पण थोडं. प्रश्नच बदला. ‘गणपतीने काय बदललं’ हे आता कळणार नाही, पण ‘गणपतीनंतरच्या आठवड्यांमध्ये पाणी बदलत जातं का’ हे कळू शकतं. आईच्या स्वयंपाकघरातलं एखादं पांढरं प्लास्टिकचं झाकण घे, साधारण वीतभर रुंद, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे रंगव, मधोमध भोक पाडून दोरी ओव, खाली वजनाला दगड किंवा नट बांध, दोरीवर दर दहा सेंटीमीटरला गाठ मार. झाकण पाण्यात सोडायचं आणि दिसेनासं झालं की गाठी मोजायच्या. १८६५ मध्ये आंजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरूने समुद्रावर पांढऱ्या तबकडीने हेच केलं होतं, अजूनही तलाव तपासणारे हीच तबकडी वापरतात. खारेगावला जा, एकाच जागी, कठड्याच्या आतून, बरोबर घरातलं मोठं माणूस असल्याशिवाय नाही, पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पावसानंतर पाय सटकतो.

येत्या रविवारी सकाळी आठला पहिलं घे. वहीत तारीख, वेळ, ऊन होतं की ढग, आणि किती गाठी. त्या पानावर त्या दिवशी कोण कोण आलं होतं तेही लिही, एकटीच गेलीस तर एकटीचं नाव. त्या रविवारी चौघांपैकी कोण येतं ते मला नक्की कळव, मला खरंच जाणून घ्यायचंय.